त्यांच्या वर्षाचा पाऊस

पेरूचा वास आधी आला आणि विमल नंतर. पौषातली सकाळ होती. नाशिकच्या दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात ऊन नुकतंच तिरपं होऊन उतरलं होतं, फरशी अजून रात्रीची थंडी सोडायला तयार नव्हती, आणि शाई, जुने कागद, लोकरीचे स्वेटर यांचा सरकारी इमारतीत असतो तसा कोंदट, मिसळलेला वास भिंतींना धरून उभा होता. त्या वासाला मधोमध चिरत पिकलेल्या पेरूचा ओला, गोड, किंचित उग्र गंध जिन्यावरून वर चढून आला. मी मान वर केली नाही. हा गंध आमच्या शेतातून आला आहे हे मला न बघताही कळलं होतं. आमच्या म्हणजे नक्की कोणाच्या, हे ठरवून घेण्यासाठीच तर आम्ही तारखेमागून तारखा या व्हरांड्यात येऊन बसत होतो.

विमल माझी चुलतबहीण; माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, म्हणजे मोठ्या बाबांची, एकुलती एक मुलगी. माझे वडील वादी होते आणि मोठे बाबा प्रतिवादी. पण वादी आणि प्रतिवादी एकाच बाकावर बसत, कारण त्या व्हरांड्यात सावलीचा बाक एकच होता आणि दोघांचेही गुडघे सारखेच दुखत. विमलने कापडी पिशवी उघडली. बाबांनी मोठासा पेरू उचलला, मुठीत धरून बाकाच्या कडेवर आपटून फोडला आणि अर्धा भाग न बघता भावापुढे धरला.

"मीठ आणलं का गं विमल?" बाबांनी विचारलं.

"आणलं ना काका. कोर्टात मीठ कुठं मिळायचं?"

"खाऊन घे," मोठे बाबा म्हणाले. "निकाल लागला की एक तर तू मला इकत देशील, नाय तर मी तुला."

दोघे हसले. मला त्या हसण्याचा संताप आला. इतक्या वर्षांच्या भांडणाला निदान भांडणाची प्रतिष्ठा तरी असावी, असं मला वाटत होतं. विमलने एक पेरू माझ्यासमोर धरला.

"घे. आतून गुलाबी हाय."

"नको."

"खा गं."

"नको म्हटलं ना."

"बरं. मग वासबी घेऊ नको."

वास घ्यायचा नाही म्हणून मी श्वास रोखून धरला, आणि श्वास रोखला तरी तो गंध आत येतच राहिला. पुस्तकांत मत्सराला विषाची, विंचवाची, आगीची उपमा देतात. माझ्या अनुभवात मत्सराला पेरूचा वास आहे. तो दार लावल्याने थांबत नाही, आणि खोलीत एकच फळ असलं तरी सगळी खोली त्याची होते.

आमच्या त्या जमिनीला गाव हाडोळा म्हणे. वणीच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावात मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे, पहाऱ्याला उभं राहायचं, आणि त्या बदल्यात पूर्वजांना तोडून दिलेला ओढ्याकाठचा हा तुकडा कसायचा, अशी ती वहिवाट. वडिलांच्या पिढीने धम्म स्वीकारला तेव्हा ती कामं एका दिवसात टाकून दिली. पुढे वतनं खालसा झाली, सरकारात रक्कम भरून जमीन नव्याने नावावर करून घ्यायची मुभा मिळाली. दोघा भावांनी मिळून भरणा केला आणि नाव लागलं थोरल्याचं, कारण कचेरीत तोच गेला होता. बाबा तेव्हा इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते, घाटातल्या रुळांवर.

जमीन त्यांनी वाटून घेतली नाही. अर्ध्या तुकड्यावर बैल पोसला जात नाही, म्हणून जुन्या वतनाची रीत त्यांनी तशीच पुढे चालवली. पूर्वी भाऊबंदांमध्ये चाकरी पाळीने होई, एक वर्ष या घराने गावकाम करायचं, पुढच्या वर्षी त्या घराने, आणि ज्याची पाळी त्याचं त्या सालचं पीक. चाकरी गेली, चाकरीची पाळी तेवढी राहिली. एक वर्ष शेत मोठ्या बाबांचं, एक वर्ष आमचं. चैत्र सरता सरता ज्याचं वर्ष संपलं त्याने शेताच्या वाटेवरची बाभळीची काटेरी फांदी ओढून बाजूला ठेवायची. वाट उघडी दिसली की समजायचं, आता रान तुमचं. एक शब्द बोलावा लागत नसे. लहानपणी मला ती रीत फार सुंदर वाटे. दोन घरांमधून शेत दिव्यासारखं या हातातून त्या हातात जातं, असं मी शाळेच्या निबंधात लिहिलं होतं आणि गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं.

त्या रीतीत दडलेली चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. एक वर्ष आपलं आणि दुसरं परक्याचं असलेल्या रानात कोणी खत टाकत नाही. टाकलेल्या खताचा निम्मा जोर पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पिकात जातो, आणि ते सहन होत नाही. विहीर खोदत नाही. बांध फुटला तर आपल्या वर्षापुरता लिंपतो. आणि झाड लावत नाही, कारण झाड पाळी मानत नाही. आजूबाजूच्या मळ्यांत आंबे होते, चिंचा होत्या, सत्तरच्या आसपास द्राक्षांचे मांडव चढू लागले होते. त्या हिरव्या पसाऱ्यात आमचा तुकडा मात्र उघडाबोडका, डोकं भादरल्यासारखा. दुपारी भाकर खायला आई शेजाऱ्याच्या बांधावर जायची आणि तिथेही सावलीच्या अगदी कडेला बसायची.

आमच्या वर्षी आई मृगापासून पीक घरी येईपर्यंत गावाकडच्या खोलीत राहायची. शाळेला सुट्टी लागली की मीही जायचे. मोठे बाबा आणि विमल त्या साली दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला जात. संध्याकाळी विमल आमच्या शेताच्या कडेने जायची तेव्हा आईने निंदलेल्या ओळींकडे निरखून बघायची, आणि तिच्या त्या नजरेने मला वाटायचं की रान आमच्याकडे असूनही तिलाच ओळखतंय. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, ओढ्याकडच्या कडेला हरळी कुठून घुसते, हे तिला हाताच्या रेषांसारखं पाठ. मी शेताला एक वर्ष सोडून एक वर्ष भेटणारी पाहुणी होते. माझ्या मत्सराचं पहिलं बी तिथलं.

दुसरं पावसाचं. इगतपुरीत पाऊस पडतो म्हणजे आकाश खाली येऊन चार महिने मुक्कामच करतं. रेल्वेच्या चाळीतल्या भिंतींना बोटभर जाड शेवाळ धरायचं, कपडे वाळायचे नाहीत, पुस्तकांच्या कडा फुगायच्या, खिडकीतून इंजिनाचा धूर की धुकं हे सांगता यायचं नाही. त्या निरुपयोगी वैभवात बसून बाबा खिडकीबाहेर बघायचे आणि विचारायचे, "गावाकडं काय परिस्थिती असेल?" त्या प्रश्नाचा अर्थ दर वर्षी बदलायचा. आमची पाळी असली की त्यात काळजी असायची. त्यांची पाळी असली की त्याच शब्दांत एक कोरडी धार यायची. मोठ्या दुष्काळाचं साल आमच्या पाळीत आलं. आई रिकाम्या हातांनी परत आली आणि तिच्या तळव्यांना पडलेल्या भेगा हिवाळाभर मिटल्या नाहीत. पुढच्या साली पाऊस इतका वेळेवर, इतका मोजूनमापून पडला की ओढ्याकाठी बाजरी पुरुषभर उंच झाली. ते साल त्यांचं होतं. बाबांनी बातमी ऐकली, "चांगलं झालं," म्हणाले, आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत. माणूस माणसाचा मत्सर करतो हे मी वाचलं होतं. पावसाचा मत्सर मी घरात पाहिला. आमच्या दारात कोसळणारं हे पाणी पिशवीत भरून शेतावर नेता आलं असतं तर, असं मला त्या वयात खरोखर वाटायचं.

त्याच घरात मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा सभेहून येताना खिशात घडी केलेली पत्रकं, चार आठ पानी पुस्तिका घेऊन यायचे. पिवळा, निळा, गुलाबी कागद, जाड टाइप, खाली छापखान्याचं नाव. धड्यातल्या कमळाआधी आणि बदकाआधी मी हक्क, शोषण, स्वाभिमान हे शब्द बोट ठेवून वाचले. त्या कागदांनी मला ताठ मान दिली. पुढे नाशिकला कॉलेजात आल्यावर, गंगापूर रोडवरच्या मैत्रिणीच्या खोलीत बसून, मी स्वतः पत्रकं लिहू लागले. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं, बोटं काळी करायची. कसेल त्याची जमीन, या घोषणेवर मी एक पूर्ण पत्रक लिहिलं होतं. त्यात मी म्हटलं होतं की जमीन कागदाची नसते, वारशाची नसते, ज्या हातांना तिची माती लागलेली आहे त्यांची असते. आणि जो कसणारा वर्षानुवर्षं कसूनही तिच्यावर एक झाड लावायला धजत नाही, तो अजून मनाने गुलामच आहे. त्या ओळीचा मला अभिमान होता. ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमचंच बोडकं रान होतं.

विमल तेव्हा सासर सोडून कायमची माहेरी आली होती. का आली ते तिने कधी सांगितलं नाही आणि तिच्या मनगटावरचा डाग बघितल्यावर कोणी विचारलं नाही. चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायची भूक दांडगी. मी गावी गेले की पत्रकांचा गठ्ठा तिला द्यायचे. ती चुलीसमोर बसून मोठ्याने वाचायची, आणि एखादं वाक्य आवडलं तर, "हे कोण बोललं?" विचारायची. मी लिहिलं म्हटलं की माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायची. ती नजर आदराची आहे असा माझा समज होता. आता वाटतं, मी जशी तिच्या हातांकडे बघायचे तशीच ती माझ्या शाईकडे बघत असेल. धर्मांतराआधी जन्मली म्हणून ती विमल, आणि नंतर जन्मले म्हणून मी सुजाता. तिला हेही सलायचं. "तुला नाव नवं, बुकं नवी," एकदा ती म्हणाली होती. "मला समदं जुनंच आलं."

मग एका चैत्रात आम्ही गावी गेलो, पाळी आमची होती, आणि शेताच्या वाटेवर बाभळीची फांदी आडवी होती. नुसती आडवी नव्हती, दगड लावून पक्की केलेली. काट्यांमधून आत पाहिलं तर ओढ्याकडच्या अर्ध्या भागात हातहात उंचीची रोपं ओळीने उभी होती. प्रत्येकाला काठीचा आधार, बुंध्याशी गवताचं आच्छादन. गेल्या पावसात, त्यांच्या पाळीत, विमलने ती लावली होती.

"काय लावलंय?" बाबांनी विचारलं.

"पेरू," मोठे बाबा म्हणाले. त्यांची नजर जमिनीवर होती.

"आणि आमचं वर्ष?"

उत्तर विमलने दिलं. "काका, पेरू तिसऱ्या सालाला धरतो. मधी तुमी बाजरी पेरणार, बैल फिरणार, एक रोप उरायचं नाय. तुमच्या वर्षी आमी लोकांच्या बांधावर असतो. आमच्या वर्षी तुमी पगारावर. कुनाला जास्त लागतंय हे रान?"

"लागण्याचा प्रश्न नाही," मी म्हणाले. "हिश्श्याचा आहे."

"तू बोलू नको," विमल माझ्याकडे वळून म्हणाली. आवाज वाढवला नाही. "तू तर अजाबात बोलू नको."

का बोलू नको, ते तिने तेव्हा सांगितलं नाही. बाबा काट्यांपाशी बराच वेळ उभे होते. त्यांच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, रेल्वेची खोली सोडावी लागणार होती, आणि ज्या घाटाला त्यांनी आयुष्य दिलं तिथे त्यांच्या मालकीचा एक खिळासुद्धा नव्हता. हा तुकडाच त्यांचा मागे वळून जाण्याचा पत्ता होता. आईने काट्यांतून हात घालून जवळच्या रोपाचं पान चुरगळलं आणि नाकाशी नेलं. त्या उन्हाळ्यात बाबांनी अर्ध्या हिश्श्याचं वाटप आणि ताबा मागणारा दावा लावला.

तीन हिवाळे गेले. वाटपाचा दावा जितका सावकाश चालतो तितकीच पेरूची झाडं भरभर वाढतात, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक तारखेला विमल शेतातून थेट यायची, नखांत माती, पदराला गवताची कुसळं. मी तत्त्वाने खासगी मालकीच्या विरुद्ध होते, सभांमधून तसं बोलत होते, तसं लिहीत होते, आणि रात्री डोळे मिटले की माझ्यासमोर ती झाडं उभी राहत. फुलं कशी आली असतील, फांद्या किती पसरल्या असतील, दुपारी ती त्यांच्या सावलीत बसत असेल का, माझ्या आईला कधीच न मिळालेल्या त्या सावलीत. मला पीक नको होतं, विकून येणारी रक्कम नको होती. ते रान मनात माझं म्हणून धरून हिंडण्याचा जो हक्क तिला होता, तो मला हवा होता. ज्या पत्रकांवर मी वाढले त्यांत भुकेला शब्द होता, अपमानाला होता, रागाला तर शंभर होते. या भावनेला त्यांत एकही नव्हता.

त्या पौषातल्या सकाळी, बाकावर पेरू खाऊन झाल्यावर, बाबांच्या बाजूने माझी साक्ष झाली. आमच्या पाळीत आई कशी राबायची, मी सुट्ट्यांत काय काय पाहिलं, ते मी सांगितलं. मग विरुद्ध बाजूचे वकील उठले. सौम्य, वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या हातात एक पिवळट कागद होता आणि त्याच्या घड्यांवरून तो किती वेळा उघडला, मिटला गेला आहे ते लांबूनही दिसत होतं.

"हे पत्रक आपण लिहिलंय का?"

"हो."

"यात आपण म्हणता, जमीन वारशाची नसते. मग कोणाची असते?"

न्यायाधीशांनी मध्येच विचारलं, याचा दाव्याशी काय संबंध. वकील म्हणाले, साक्षीदाराचं मत समजून घेतो आहे. मला थांबता आलं असतं. पण ती ओळ माझी होती आणि ती भर न्यायालयात नाकारणं मला मरणासारखं वाटलं.

"जो कसतो त्याची," मी म्हणाले.

"आणि गेली तीन वर्षं ही जमीन कोण कसतंय?"

"ज्यांनी आम्हाला कसू दिली नाही, ते."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. वकीलही किंचित हसले आणि खाली बसले. उत्तर बिनतोड होतं, माझं मलाच ते आवडलं. पण साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना माझी नजर विमलकडे गेली. ती त्या कागदाकडे बघत होती, वकील तो फाइलमध्ये नीट ठेवतात की चुरगळतात हे बघत होती.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. "माझंच पत्रक माझ्याविरुद्ध दिलंस."

"तूच दिलं व्हतं मला. वाचायला."

"वाचायला दिलं होतं."

"मग वाचलं की," ती म्हणाली. "झाड लावायला धजत नाय तो गुलाम, असं लिवलंस. मला लागलं ते. पुढच्या पावसात लावली झाडं. आता तुला कशाला लागतंय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही. होतं. माझ्या आईच्या तळव्यांच्या भेगा म्हणजेही कसणंच होतं, पाळी मोडायची तर बोलून मोडायची होती, अर्धं रान आमचं ठेवून अर्ध्यात झाडं लावता आली असती. हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. पण त्या क्षणी ज्याने मला गप्प केलं ते वेगळंच होतं. मी लिहिलेलं पहिल्यांदाच या जगात कुठेतरी खरं झालं होतं, मातीत रुजलं होतं, त्याला फुलं आणि फळं आली होती. आणि ते माझ्या हातून झालं नव्हतं. लिहिणाऱ्याने यावर आनंदित व्हायला हवं. मी जळत उभी होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. कायद्याला पत्रकाशी काही देणंघेणं नव्हतं, दोन भाऊ आणि दोन हिस्से एवढंच त्याने पाहिलं. उन्हाळ्यात मोजणीदार साखळी घेऊन आले, रानाच्या मधोमध चुन्याची रेघ पडली, आणि चिठ्ठी काढली तेव्हा ओढ्याकडचा भाग आमच्या वाट्याला आला. पेरूच्या सगळ्या ओळींसकट. पलीकडे, मोठ्या बाबांकडे, उघडं रान राहिलं. चिठ्ठी वाचली गेली तेव्हा बाबांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला, तो मोठ्या बाबांनी झटकला नाही, पण त्यांचा खांदा हळूहळू त्या हाताखालून निघून गेला. विमल बाभळीच्या काट्यांपाशी गेली, दगड सरकवले, फांदी ओढून बाजूला ठेवली. वाट उघडी झाली. रीत तिने शेवटी का होईना पाळली.

त्या आषाढात मी आणि बाबा पहिल्यांदाच मालक म्हणून त्या झाडांमध्ये शिरलो. उघडीप होती. पानांवरून थेंब गळत होते, सालीचे पापुद्रे सुटून आतलं गुळगुळीत तांबूस खोड दिसत होतं, पावसाळी बहराची कोवळी, पांढरी फुलं मुंग्यांनी भरली होती. मी एका झाडाखाली जाऊन उभी राहिले. सावली होती. थंड, हिरवी, मला हवी होती तितकीच. आणि ती माझ्या अंगावर दुसऱ्याच्या शालीसारखी वाटली.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. "सुजाता, हे बघ काय आहे."

फांद्यांवर जागोजागी पुड्या बांधल्या होत्या. खताच्या पिशवीचं प्लास्टिक, वर सुतळीच्या गाठी. एका झाडावर नाही, जवळजवळ प्रत्येक झाडावर. गुटी बांधली होती. फांदीची साल कडेने काढून तिथे ओलं शेवाळ बांधलं की महिना दीड महिन्यात फांदीलाच मुळं फुटतात, मग ती कापून दुसरीकडे लावायची. आम्ही नसताना विमल येऊन गेली होती. आपली झाडं ती फांदीफांदीने पलीकडे नेत होती.

"सोडून टाक सगळ्या," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता, आणि ते ओढ्याकडे निघून गेले.

मी एका पुडीची सुतळी सोडली. आत काळपट हिरवं शेवाळ होतं आणि त्यातून बारीक पांढरी मुळं बाहेर डोकावत होती, लहान मुलाच्या पहिल्या दातांसारखी. ती तिथे, हवेत, जमिनीचा स्पर्श नसताना, कोणाचा हिस्सा ते न विचारता फुटली होती.

"काप की," मागून आवाज आला. विमल चुन्याच्या पुसट झालेल्या रेघेपलीकडे उभी होती, हातात खुरपं. "तुझी झाडं हायेत. कोर्टानं दिलेली."

"विचारायचंस तरी."

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

मी खरं सांगितलं. "माहीत नाही."

"मग बरं झालं नाय इचारलं."

मी तिच्या रानाकडे पाहिलं. खड्डे खणून तयार होते, ओळीने, पावसाचं पाणी साचलेले. "इतकी कलमं लावायला पुरेल का जागा?"

"जागा हाय," ती म्हणाली. "झाडं वाढवली ती वर्षं तेवढी तुझ्याकडं राहिली."

मी हातातल्या शेवाळाकडे बघत राहिले. त्याचा वास ओळखीचा होता. भिजलेल्या भिंती, न वाळणारे कपडे, फुगलेल्या पुस्तकांच्या कडा. गावाकडच्या कोरड्या ओढ्याला असलं शेवाळ कधी धरत नाही.

"हे कुठून आणलंस?"

"इगतपुरीचं हाय," विमल म्हणाली. "काकीनं दिलं. दोन पिशव्या. बोलली, आमच्याकडं भिंतीला वाया जातंय."

आईने हे आम्हाला सांगितलं नव्हतं. रोपाचं पान चुरगळून नाकाशी नेणारी आई, निकालाच्या दिवशी चूल न पेटवणारी आई. तिने कोणत्या पिशवीत तो पाऊस भरला आणि कोणाच्या रानाला पाठवला, ते मला तेव्हा कळलं, आणि कळलं त्या क्षणी माझ्या मनात जे उठलं ते कौतुक नव्हतं. माझ्याच आईचा मला हेवा वाटला. जे मी लहानपणापासून मनात धरून बसले होते, ते तिने एस.टी.च्या टपावरून सहज करून टाकलं होतं.

मी शेवाळ पुन्हा फांदीभोवती लावलं, प्लास्टिक गुंडाळलं आणि सुतळीची गाठ मारली. विमल रेघ ओलांडून जवळ आली. माझ्या गाठीकडे तिने क्षणभर पाहिलं, ती सोडली, आणि आपल्या हाताने पुन्हा बांधली. दातात धरून, दोन वेढे देऊन, घट्ट. मग ती पुढच्या झाडाकडे गेली.

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडत होता, कोणाचं वर्ष आहे ते आता त्यालाही ठाऊक नव्हतं. मी सावलीत उभी राहून तिच्या त्या गाठीकडे बघत होते.